वेत्रवतीच्या तीरावर मोहाची डुभरी

झाशीहून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूरच राहतो. तरीही तीरावर बसून शिदोरी सोडण्याची हौस या नगरीत भागविता येते. आग्नेयेस तासाभराच्या आत बेटवा नदी आहे आणि नदीपलीकडे बरुआसागरचा विस्तीर्ण तलाव. सकाळी निघून दिवेलागणीस परतता येईल, अशी ही सहल आहे. नारोशंकर १७४२ मध्ये पेशव्यांचा सुभेदार म्हणून येथे आला, तेव्हापासून मराठी या गावात नांदत आली आहे. येथील मराठी कुटुंबांना हा प्रदेश परका नाही. महाराष्ट्रातून आलेला प्रवासी मात्र किल्ला पाहून पुढची गाडी धरतो आणि बुंदेलखंडाची चव न घेताच निघून जातो.

पहिला मुक्काम ओरछा. राज्याची सीमा ओलांडून आपण मध्य प्रदेशात येतो. येथे श्रीराम राजा म्हणून पुजले जातात आणि पोलीस त्यांना मानवंदना देतात. दर्शन घेऊन थेट नदीकाठी जावे. काठावर बुंदेला राजांच्या चौदा छत्र्या उभ्या आहेत, त्यांच्या शिखरांवर गिधाडे घरटी करतात आणि खाली खडकांमधून निवळ पाणी खळाळत असते. हीच प्राचीन वेत्रवती. कालिदासाने ‘मेघदूता’त मेघाला जिचे पाणी प्यावयास लावले, ती हीच, मात्र तो प्रसंग वरच्या अंगाला, विदिशेजवळचा.

आता भोजनाविषयी. बुंदेली मेजवानीत कढी असते, ताकात मुरविलेले उडदाचे बरे असतात आणि तूप-बुराही असतो. हे पदार्थ पाहुण्याला आग्रहाने वाढले जातात. परंतु या भूमीचा खरा घास मोहाचा आहे आणि तोच पाहुण्यापुढे येत नाही. मोह म्हटले की आपल्याला दारूच आठवते. वृक्षावर हा मोठाच अन्याय होय. चैत्राच्या सुमारास पहाटे रसाळ फुलांचा सडा पडतो. बायका-मुले ती वेचतात, उन्हात वाळवितात, आणि किसमिसाच्या रंगाची ती फुले वर्षभर टिकतात. पाऊस दगा देई त्या वर्षी गरिबाची चूल यांवरच पेटे. फुले शिजवून डुभरी होते; भाजून, तिळाबरोबर कुटून लाटा होतो. बुंदेली लोकोक्तीने मोहाला सुकामेवा आणि बोराला न्याहारी म्हटले, ते उगीच नव्हे. पण दुष्काळाची आठवण चिकटल्यामुळे हे पदार्थ पाहुण्याला देण्यास यजमान संकोचतो, हॉटेलवाला ते ठेवीत नाही, आणि घरातील सून ते शिकत नाही. म्हणून आपणच मागावे. ओरछ्यात काही घरांतून प्रवाशांच्या उतरण्याची व जेवणाची सोय होते. तेथे आदल्या दिवशी निरोप द्यावा. गोडाचा पहिला घास किंचित उग्र लागेल, दुसरा लागणार नाही.

पेय म्हणाल तर उन्हाळ्यात पना. नाव आपल्या पन्ह्याचेच. परंतु कैरी निखाऱ्यावर भाजलेली, आणि गूळ-वेलचीऐवजी जिरे, पुदिना व काळे मीठ. घरी अवश्य करून पाहावे.

दुपार कलली की बरुआसागरकडे निघावे. वाटेत प्रतिहारकालीन ‘जराई का मठ’ लागतो. कोरीव काम पाहण्यास अर्धा तास पुरे. बरुआसागरचा तलाव निसर्गाने दिलेला नाही. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकात बांध घालून पाणी अडविले. टेकडीवर त्याचाच छोटा किल्ला आहे. तेथून पाण्याचा विस्तार एका दृष्टीत मावत नाही. कोकणातल्या माणसालाही क्षणभर खाडीचा भास व्हावा.

याच बाजूने १८५८ च्या मार्चअखेरीस तात्या टोपे वेढ्यातील झाशीच्या साहाय्याला आले. बेटवा ओलांडल्यावर त्यांच्या सैन्याने मोठी आगटी पेटविली, ती पाहून किल्ल्यात हर्ष झाला. दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, ते सैन्य मोडले. त्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे अडकले होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ या सहलीत सोबत असावे.

बरुआसागरचे आले प्रसिद्ध आहे. बाजार उठण्यापूर्वी पावशेर घ्यावे, बांधावरच्या टपरीवाल्याकडे द्यावे आणि त्याचाच चहा करावयास सांगावा.