पट्टकादंबाचा श्वास

हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागरावर आणि उजनी जलाशयाच्या भिगवणकडील काठावर जे पाहुणे पक्षी उतरतात, त्यांत पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंस सहज ओळखू येतो. मंगोलिया, तिबेट आणि मध्य आशियातील सरोवरांकाठी वीण करणाऱ्या या दोन-तीन किलो वजनाच्या पक्ष्याला भारतात येण्यासाठी हिमालय ओलांडावा लागतो. त्याच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांनी सुमारे ७,२९० मीटर उंचीपर्यंतच्या उड्डाणाची नोंद केली आहे. साडेपाच हजार मीटरवरच हवेचा दाब, आणि त्यासोबत मिळणारा प्राणवायू, समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय गिधाडांप्रमाणे वर चढणाऱ्या हवेवर तरंगत न जाता हा हंस बहुतेक वाट पंख मारतच काटतो, आणि अशा उड्डाणाला प्राणवायू फार लागतो.

पक्ष्यांच्या शरीररचनेविषयी मुलांना सांगताना पंख, पिसे आणि पोकळ हाडे यांवर भर दिला जातो. तो योग्यच आहे, तरी हाडांच्या पोकळपणाने पक्षी हलका होतो, हे विधान अर्धेच खरे आहे, कारण पक्ष्याच्या हाडाचा पदार्थ अधिक दाट असतो आणि त्याचा एकूण सांगाडा तेवढ्याच आकाराच्या सस्तन प्राण्याच्या सांगाड्याहून फारसा हलका भरत नाही. खरे नवल श्वसनात आहे, आणि त्याच्या वाट्याला पाठ्यपुस्तकात जेमतेम एखादी ओळ येते.

माणसाच्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते, त्यामुळे प्रत्येक श्वासाची सुमारे अर्धा लिटर ताजी हवा आत उरलेल्या दोन लिटरांहून अधिक शिळ्या हवेत मिसळते. पक्ष्यात तसे होत नाही. त्याला छाती आणि पोट वेगळे करणारे, श्वासाला जोर देणारे स्नायुमय पटल नसते आणि त्याची फुप्फुसे फुगतही नाहीत. कोंबडी साफ करताना पाठीच्या बाजूला फासळ्यांच्या खाचांत रुतून बसलेले, बोटाने खरवडून काढावे लागणारे गुलाबी स्पंजासारखे तुकडे दिसतात, तीच ही फुप्फुसे. फुगण्याचे काम वायुकोश, म्हणजे फुप्फुसांना जोडलेल्या पातळ पडद्याच्या पिशव्या करतात, आणि त्या बहुतेक पक्ष्यांत नऊ असतात. पहिल्या श्वासाची बरीचशी हवा मागच्या वायुकोशांत जाते, पहिल्या उच्छ्वासात ती फुप्फुसात शिरते, दुसऱ्या श्वासात पुढच्या वायुकोशांत सरकते आणि दुसऱ्या उच्छ्वासात श्वासनळीतून बाहेर पडते. अशा रीतीने एका घोटाच्या हवेचा प्रवास दोन श्वासांत पुरा होतो आणि फुप्फुसातील बारीक नळ्यांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. विशेष म्हणजे या मार्गावर कुठेही झडप नाही. नळ्यांचे कोन आणि हवेचा वेग हेच दिशा ठरवतात.

या पिशव्यांचे फाटे हाडांतही शिरतात. कोंबडीच्या पंखाचे वरचे हाड खांद्याच्या टोकाशी निरखून पाहिले, तर वायुकोश आत शिरण्याचे भोक दिसते. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले, की श्वासनळी बंद केली तरी पक्षी या कापलेल्या हाडातून श्वास घेऊ शकतो. प्रयोग क्रूर होता, पण त्याने हाड आणि श्वास यांचे नाते निर्विवाद ठरवले.

ही व्यवस्था चिमणीतही आहे. पट्टकादंबात तिला आणखी जोड मिळाली आहे. त्याची फुप्फुसे त्याच्या आकाराच्या इतर पाणपक्ष्यांहून मोठी असतात, हवा विरळ झाली की तो अधिक खोल श्वास घेतो, आणि उड्डाणाच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते. रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका साखळीत ११९ व्या जागी प्रोलीनऐवजी ॲलनीन हा घटक आला आहे, आणि एवढ्या बदलाने ते विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडते. इतके असूनही हा पक्षी उंची उधळत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत असे दिसले, की तो डोंगरांवरून सरळ रेषेत न जाता जमिनीच्या चढउताराला धरून उडतो, दरी आली की खाली उतरतो आणि खिंड आली की पुन्हा चढतो, कारण विरळ हवेत पंख मारत उंचीवर टिकून राहणे पुन्हा चढण्यापेक्षा महाग पडते.