लांगेची लाज

११ जुलै २०२५ रोजी ‘सुपरमॅन’ प्रदर्शित झाला, त्यातील एका चुंबनावर सेन्सॉर मंडळाने कात्री चालविली आणि त्या ३३ सेकंदांच्या ऊहापोहात साऱ्या देशाचे दिवसामागून दिवस खर्ची पडले. परंतु या चित्रपटासंबंधीचा खरा मूलगामी प्रश्न, म्हणजे नायकाने निळ्या पोशाखावर पुनश्च धारण केलेल्या तांबड्या चड्डीचा प्रश्न, आमच्या कोल्हापूरलगतच्या कळंब्यात तलावाच्या बांधावर सकाळच्या फेरफटक्यात जितक्या गांभीर्याने हाताळला गेला, तितका तो अन्यत्र क्वचितच हाताळला गेला असेल.

हा प्रश्न उपस्थित करणारे आमचे शेजारी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून, टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेल्या आणि १९९० मध्ये बंद पडलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक त्यांनी जुन्या दप्तराप्रमाणे रुमालात बांधून जतन केले आहेत. ली फॉक या अमेरिकी लेखकाचा ‘फँटम’ त्या अंकांतून ‘वेताळ’ होऊन अवतरला. आणि ज्या कोल्हापुरात वेताळमाळ नावाची तालीमच नांदते, तेथे आफ्रिकेच्या अरण्यातला हा मुखवटाधारी वीर परका वाटण्याचे काही कारणच उरले नाही. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि त्यावर पट्ट्यापट्ट्यांचा जांघिया हे त्याचे ध्यान आम्हां मुलांच्या वहीच्या मागल्या पानावर कायम मुक्कामास असे.

१९९६ मध्ये बिली झेन या नटाला घेऊन वेताळावर हॉलिवूडने चित्रपट काढला, तेव्हा पोशाखाचा जांभळा रंग राखला, कवटीची अंगठी राखली, घोडा आणि लांडगा राखला, आणि जांघिया तेवढा काढून टाकला. सुपरमॅनवरही पुढे तीच वेळ आली: २०११ मध्ये कॉमिक्समधून आणि २०१३ मध्ये ‘मॅन ऑफ स्टील’ या चित्रपटातून त्याची चड्डी रद्दबातल ठरली. शेजाऱ्यांचा आक्षेप फेरफाराला नाही. महसुलातल्या माणसाला फेरफाराचे काय वावडे असणार? त्यांची तक्रार फेरफारामागील हेतूविषयी आहे, आणि ती त्यांनी अस्सल आमच्याकडच्या बोलीत मांडली: “मास्तर, पैलवानाला लांगेची लाज वाटाय लागली, तर त्यानं आखाड्यात उतरावंच कशाला?”

हे विधान विनोदी वाटले तरी इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या तेविशीतल्या दोन मित्रांचा सुपरमॅन १९३८ मध्ये छापून आला, त्या काळच्या सर्कशीतील बलदंड पुरुष आणि आखाड्यातले मल्ल घट्ट विजारीवर असाच जांघिया चढवीत. म्हणजे ज्याची पुढे टवाळी झाली, तो त्या काळी सामर्थ्याचा सर्वमान्य गणवेश होता. नव्या चित्रपटाचे दिग्दर्शक जेम्स गन यांचेही मन या बाबतीत प्रथम द्विधा होते. परंतु परग्रहावरून आलेला, डोळ्यांतून किरण सोडणारा हा महाबली लहान मुलांना भीतिदायक वाटू नये म्हणूनच कुस्तीगिराच्या थाटाचा वेष करीत असेल, असा युक्तिवाद प्रमुख नट डेव्हिड कोरेन्स्वेट याने केला आणि चड्डी परत आली, अशी हकिकत स्वतः गन यांनीच सांगितली आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे मैदान खुले केल्यापासून जे कोल्हापूरच्या पोराटोरांना ठाऊक आहे, ते हॉलिवूडला एका नटाने समजावून द्यावे लागले, याचा आमच्या शेजाऱ्यांना झालेला आनंद काय वर्णावा!

चित्रातून चलच्चित्रात जाण्याची ही वाट आमच्या गावाला नवी नाही. बाबूराव पेंटर मुळात कुंचल्याचे धनी. त्यांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, तेव्हा भीमाने केलेला कीचकाचा वध इतक्या निःसंकोचपणे दाखविला की प्रेक्षक हादरून गेले आणि अखेरीस ते दृश्य गाळावे लागले. कात्री तेव्हाही होतीच; परंतु ती बाहेरून आली. आपल्याच नायकाकडे पाहून खजील झालेल्या निर्मात्याने घरातूनच चालविलेली कात्री ही अलीकडची रीत.

एवढी वकिली केल्यावर हेही नमूद करणे प्राप्त आहे की, नव्या ‘सुपरमॅन’मध्ये पात्रांची दाटी फार झाली असून, क्रिप्टो हा उनाड कुत्रा धावून आला नसता तर मध्यंतरानंतर माझा डोळा लागला असता. शेजारी मात्र या बाबतीत उदार आहेत. भा. रा. भागवतांचा शाळकरी फास्टर फेणे २०१७ च्या चित्रपटात एकदम वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्याच्या वयाचा झाला, तोही त्यांनी माफ केला, कारण त्याचा ‘टॉक्’ शाबूत होता. काळ बदलावा, गाव बदलावे, वयही बदलावे. परंतु वाचकाने ज्या खुणेने नायकाला ओळखले, ती खूण पुसताना निर्मात्याने निदान आधी ते पुस्तक प्रेमाने वाचलेले असावे, इतकीच त्यांची मागणी आहे, आणि ती मला सर्वथा रास्त वाटते.

सुपरमॅनचा दावा अशा प्रकारे निकालात निघाला. वेताळाचा पट्ट्यापट्ट्यांचा जांघिया मात्र अद्याप परत मिळालेला नाही. ते प्रकरण कळंब्याच्या दप्तरी १९९६ पासून प्रलंबित आहे.