नवा शेअर का उतरतो?

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत एका ताईंनी नव्या कंपनीचे शेअर घ्यायला गटाकडे कर्ज मागितलं. म्हणून आज हे बोलते.

एलआयसीचंच बघा. सरकारने शेअर 949 रुपयांना विकायला काढला, पॉलिसीधारकांना 889 ला. 17 मे 2022 ला बाजारात तो 867 ला उघडला. जूनमध्ये 700 च्याही खाली गेला.

का? पहिला भाव विकणारा ठरवतो, नंतरचा बाजार ठरवतो. शिवाय काही मोठ्या गुंतवणूकदारांवर 30 दिवस न विकण्याचं बंधन होतं. ते जूनमध्ये सुटलं, विक्रीला येऊ शकणारे शेअर वाढले. आवक वाढली की टोमॅटो उतरतो, तसंच.

भाव पुढे चढेलही, पण कधी ते सांगता येत नाही. गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. तेव्हा शेअरसाठी कर्ज नको, ताई.