साधनाताई आमटे : एका विस्तीर्ण संसाराचा आढावा

जुन्या मराठी एकत्र कुटुंबात आत्या किंवा मावशी ही व्यक्ती कारभाराच्या कोणत्याही पदावर नेमलेली नसे. परंतु कोणाची सून बाळंतीण आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणत्या पोरक्या पोराला सणासाठी नवे कापड मिळालेले नाही, याची नोंद जिच्या ध्यानात पक्की असे ती हीच असे. आणि घर तिच्यावर जितके विसंबून राही, तितकेच तिचे नाव घराच्या इतिहासात क्वचित उमटे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत, ज्यांना रक्ताच्या आप्तांनी उंबरठ्याबाहेर काढले अशा असंख्य माणसांच्या वाट्याला हे नाते साधनाताई आमटे यांच्या रूपाने आले. ५ मे १९२६ ते ९ जुलै २०११ असे पंच्याऐंशी वर्षांचे हे आयुष्य बाबा आमटे यांच्या चरित्रातील एक हृद्य प्रकरण म्हणून पुष्कळदा वाचले गेले आहे. त्यात एक स्वतंत्र निर्मितिशक्ती वावरत होती, हे मात्र पुरेसे सांगितले गेलेले नाही.

नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात जन्मलेली ही इंदू. लग्नघराची गडबड चाललेली असताना, सर्वांच्या नकळत, एका वृद्ध मोलकरणीचे धुणे हलके करणारी ही मुलगी मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच पुढचे बाबा आमटे, या एका अवलिया वकिलाच्या दृष्टीस पडली, आणि ब्रह्मचर्याचा निश्चय करून बसलेल्या त्या गृहस्थाने तिला मागणी घातली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १८ डिसेंबर १९४६ रोजी विवाह झाला आणि इंदूची साधना झाली. वरोऱ्यास बाबांनी मांडलेल्या श्रमाश्रमात नाना जातींची माणसे एका पंगतीला बसत. ज्या मुलीने माहेरी विटाळाचे कडक निर्बंध पाळले होते, तिला सासरी पहिल्याच पावलाला ते सर्व विसर्जित करावे लागले. देवावरील श्रद्धा तिने जन्मभर सांभाळली, परंतु ती श्रद्धा कोणाही माणसाच्या आड येऊ दिली नाही.

पुढे पावसात गलितगात्र होऊन पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याला पाहून बाबा प्रथम भयाने पळाले आणि मग त्या भयाचीच लाज वाटून परतले. त्या परतण्यातून त्यांच्या आयुष्याचा मार्ग ठरला. वर्ध्याजवळच्या दत्तपूर कुष्ठधामात मनोहर दिवाणांच्या कार्याचे दर्शन, नंतर कलकत्त्यास उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत शिक्षण, १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना, आणि तत्कालीन मध्य प्रदेश सरकारकडून वरोऱ्यानजीक मिळालेली पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन, अशा क्रमाने जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवन या महारोग्यांच्या वसाहतीचा आरंभ झाला. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, हे त्या आरंभीचे भांडवल म्हणून सांगितले जाते. त्या जमाखर्चात आणखी एक रक्कम लिहावयाची राहून जाते. विकास आणि प्रकाश ही दोन्ही मुले तेव्हा पाच वर्षांच्या आतली होती. महारोगाच्या नुसत्या उच्चाराने गावे वेशी बंद करीत, अशा काळात आपली लेकरे त्या रुग्णांच्या सहवासात वाढू द्यावयाची, हा निर्णय ज्या मातेने घेतला तिने संस्थेच्या खात्यात काय जमा केले, याचे मोल रुपयांत होणारे नव्हते.

विंचूसर्पांनी भरलेल्या त्या माळावर विहीर खणावी तेव्हा पाणी, आणि ज्वारी पेरावी तेव्हा भाकरी. रुग्णांनी पिकविलेली भाजी आणि काढलेले दूध वरोऱ्याचे बाजारकरी प्रथम घेईनात. पन्नासच्या दशकात विदेशांतून आलेल्या तरुण स्वयंसेवकांनी आनंदवनात राहून, रुग्णांसमवेत जेवून, इमारती उभ्या केल्या, तेव्हा गावकऱ्यांचा संकोच हळूहळू विरघळला. या सर्व काळात चूल, गोठा, कोठार आणि पाहुण्यांचा बंदोबस्त ताईंकडे होता. ज्याच्या बोटांत संवेदना उरलेली नाही त्याने तापलेले भांडे कसे धरावे, कोणते काम कोणाच्या झिजलेल्या हातास झेपेल, नव्याने आलेल्या, रडूनरडून थकलेल्या बाईस पहिल्या दिवशी काय काम द्यावे म्हणजे तिला आपण निरुपयोगी नाही असे वाटेल, असे प्रश्न कोणत्याही सरकारी दप्तरात नमूद होत नाहीत. परंतु अशा वसाहतीचे जगणे त्यांच्या उत्तरांवरच चालते. बाबांनी ‘ज्वाला आणि फुले’ या संग्रहात कविता लिहिली. ताईंची निर्मिती या उत्तरांत होती.

पुढे आनंदवनाचा विस्तार झाला आणि निरनिराळ्या वास्तू उभ्या राहिल्या: बऱ्या झालेल्या दांपत्यांसाठी सुखसदन, निराधार बालकांसाठी गोकुळ, अपंगांच्या शिक्षणासाठी संधिनिकेतन, वृद्धांसाठी उत्तरायण. जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या सर्व अवस्थांची येथे तजवीज झाली, कारण ज्याचे घर तुटले आहे त्याला केवळ औषध देऊन चालत नाही. रोग्याचा रोग डॅप्सोन या औषधाने हटला तरी त्याचे गाव त्याला परत घेत नसे. म्हणून बऱ्या झालेल्यांची लग्ने येथेच लागली. रुग्णालय आणि कुटुंब यांतले हे अंतर ताईंनी स्वतःच्या वागण्याने भरून काढले.

मूल तालुक्यातील सोमनाथ येथे १९६७ च्या सुमारास शेतीचा प्रकल्प उभा राहिला आणि दर उन्हाळ्यात तेथील श्रमसंस्कार छावणीस महाराष्ट्रभरचे तरुण येऊ लागले. २३ डिसेंबर १९७३ रोजी पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती यांच्या संगमप्रदेशातील हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ झाला. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. पावसाळ्यात जगाशी संबंध तुटणाऱ्या त्या माडिया आदिवासींच्या मुलुखात प्रकाश आणि डॉक्टर सून मंदाकिनी यांना आईने जाऊ दिले. स्वतः एकदा जे साहस केले तेच पुढच्या पिढीला करू देणे हे त्याहून कठीण असते. पूर्वीच्या साहसात जीव आपला असतो, पुढच्यात लेकरांचा.

पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे बाबांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच त्यांच्या हाती उरले. अशा पतीची शुश्रूषा करीत ताई १९९० मध्ये साठी उलटल्यावर आनंदवनातील स्थिरस्थावर झालेले घर सोडून नर्मदाकाठच्या कसरावद येथे गेल्या आणि धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांच्या शेजारी सुमारे दशकभर राहिल्या. एकदा उभारलेला संसार जसाच्या तसा सोडून दुसरा शून्यातून मांडावयाचा, हे त्यांना दुसऱ्यांदा करावे लागले.

‘समिधा’ हे त्यांचे आत्मकथन मराठीच्या एका मानाच्या परंपरेत बसते. रमाबाई रानड्यांच्या आठवणी, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’: थोर पतीच्या तेजाजवळ राहिलेल्या या स्त्रियांनी ते तेज घरात आल्यावर कसे भासते हे लिहून ठेवले. रमाबाईंचा सूर आदराचा, लक्ष्मीबाईंचा खेळकर विनोदाचा. ताईंच्या लेखनात एक सरळ हिशेबीपणा आहे. बाबांविषयीची भक्ती त्यांनी लपविली नाही, तसाच त्यांच्या कोपाचा आणि घाईचा घरावर पडलेला भारही लपविला नाही. ध्येयवादाची किंमत स्वयंपाकघरात कोण भरते, हा प्रश्न त्या पुस्तकात आक्रोश न करता विचारलेला आहे.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले; त्यानंतर ताई तीन वर्षांहून अधिक काळ आनंदवनात होत्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या समाजसेवेचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांची नावे, जमिनीची एकरे आणि पुरस्कारांची यादी देतो, आणि ती योग्यच आहे. परंतु आनंदवन हे वसतिस्थान न राहता गणगोत झाले, तेथील निराधार माणूस लाभार्थी न राहता घरचा माणूस झाला, याचे कारण त्या यादीत सापडत नाही. ते ताईंच्या दैनंदिन कर्तृत्वात आहे. आणि हे कर्तृत्व निर्मिती या पदवीस पात्र ठरते, कारण कविता किंवा शिल्प यांप्रमाणेच त्यानेही पूर्वी जगात नसलेली एक गोष्ट, जवळजवळ रित्या हातांनी, अस्तित्वात आणली.