नेवाळीचा निवाडा

जून म्हणजे कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात भाताच्या पेरणीची धांदल. २२ जून २०१७ रोजी मात्र नेवाळी नाक्यावर टायर पेटले. पोलिसांची वाहने जाळली गेली, पोलिस आणि आंदोलक दोन्हीकडची माणसे जखमी झाली. निमित्त होते नौदलाने घालायला घेतलेल्या कुंपणाचे. ज्या जमिनीत पिढ्यानपिढ्या भात पिकवला, तिच्याभोवती ऐन पेरणीत भिंत उभी राहताना पाहून गावे रस्त्यावर आली. वाद मात्र १९४२-४३ सालचा होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि मुंबई बंदराच्या पाठीशी असलेल्या कल्याणचे महत्त्व एकदम वाढले. रेल्वेचे मोठे जंक्शन, जवळ उल्हास नदीचे पाणी आणि सपाट भातखाचरे. लष्कराला आणखी काय हवे? कल्याणजवळ सैनिकांची प्रचंड छावणी उठली आणि मलंगगडाच्या दिशेला नेवाळीत धावपट्टी झाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील सोळाशेहून अधिक एकर जमीन गेली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की लढाई संपली की जमीन परत, या बोलीवर ती घेतली होती. संरक्षण खात्याचे म्हणणे असे, की ती रीतसर घेतली, आता नौदलाच्या ताब्यात आहे आणि शेती करणारे अतिक्रमक आहेत. विमाने गेल्यावर कुळवाडी पुन्हा कसू लागला होता. सरकारनेही बरीच वर्षे तिकडे डोळेझाक केली.

दोघांपैकी खरे कोण, हे ठरवण्यासाठी त्या काळचा कायदा पाहावा लागतो. सरकारसमोर तेव्हा दोन वाटा होत्या. एक १८९४ च्या भूसंपादन कायद्याची. त्यात अधिसूचना, हरकती, मोजणी, मग भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा, रकमेचे वाटप आणि ताबा पावती. ही वाट पुरी झाली की मालकी कायमची सरकारची. दुसरी वाट भारत संरक्षण कायदा, १९३९ आणि त्याखालच्या नियम ७५अ ची. तिने सरकार नुसता ताबा घेऊ शकत होते. मालकी हवी तर पुन्हा वेगळी नोटीस बजवावी लागे. या कायद्याच्या कलम १९ नुसार भरपाई आधी आपसांत ठरवायची. नाहीच जमले तर उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र अशा व्यक्तीला लवाद नेमायचे. लवादाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपीलही होते. म्हणजे भर युद्धातसुद्धा लष्कराला फुकट जमीन घेण्याची मुभा नव्हती.

पण ही सोय वापरणार कोण? लवादापुढे जायचे तर वकील हवा, किमतीचा पुरावा हवा आणि मुळात तलाठ्याच्या दप्तरात आपले नाव हवे. भरपाई नोंदीवरच्या मालकाची. अर्धलीने जमीन कसणाऱ्या कुळाला त्यात वाटा मिळेलच असे नव्हते. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाला कुळे मालक झाली. पण सरकारी जमिनींना त्या कायद्याची मुख्य कलमे लागू नव्हती. सरकारच्या नावावर चढलेल्या जमिनीवरचे कूळ त्यामुळे दोनदा बुडाले. लष्कराने शेत नेले आणि ते सरकारी ठरल्याने कूळकायद्याने दिलेली मालकीही हुकली.

त्याच युद्धातल्या दुसऱ्या नुकसानीकडे सरकारने कसे पाहिले? १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेले ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटले, गोद्या, वखारी आणि घरे जळाली. त्याच वर्षी भरपाईसाठी खास वटहुकूम निघाला. तिथे नुकसान झालेल्यांत व्यापारी होते, विमापत्रे होती, हिशेबाच्या वह्या होत्या.

तिसरे उदाहरण तर नेवाळीच्या शेजारचेच. युद्ध संपल्यावर कल्याणची छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथल्या नव्या नगराची कोनशिला बसवली आणि त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधमध्ये मागे राहिलेल्या घरादारांसाठी १९५० मध्ये दावे तपासण्याचा आणि १९५४ मध्ये भरपाईचा कायदा झाला. मोठ्या दाव्यांना टक्केवारी कमी, छोट्यांना जास्त, असा उतरता हिशेब होता. बराकींतल्या खोल्याही त्या भरपाईच्या हिशेबात आल्या. सरहद्दीपलीकडे राहिलेल्या मिळकतीचा पुरावा ऐकण्यासाठी सरकारने अधिकारी नेमले, हे योग्यच झाले. पण काही मैलांवरच्या नेवाळीतल्या शेतकऱ्याचे ऐकण्यासाठी असा दावे-अधिकारी कधी बसला नाही.

ब्रिटनमध्येही असेच प्रकरण गाजले. डॉर्सेटमधील क्रिचेल डाउन ही ७२५ एकर जमीन १९३८ मध्ये बॉम्बफेकीच्या सरावासाठी हवाई खात्याने घेतली. पुढे ती शेती खात्याकडे गेली. मूळ मालकांच्या घराण्याने ती परत मागितली, नकार मिळाला, चौकशी झाली आणि १९५४ मध्ये शेतीमंत्री थॉमस डगडेल यांना राजीनामा द्यावा लागला. त्या मालकांना मोबदला मिळाला होता, तरीही गरज संपल्यावर पहिला हक्क मूळ मालकाचा, हे तत्त्व तिथे रुजले.

आपल्याकडचा कायदाही अगदी मुका नाही. युद्धकालीन ताबे पुढे चालवण्यासाठी १९५२ चा कायदा आला. त्यातील, ताबा घेतेवेळच्या किमतीच्या दुपटीवर भरपाई अडवणारे कलम सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात रद्द केले. १९८४ च्या एच. डी. वोरा खटल्यात, मुंबईतल्या सदनिकेच्या निमित्ताने, तात्पुरता ताबा अनंत काळ चालवता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. बंगळूरजवळच्या ब्यातरायनपुऱ्यात संरक्षणासाठी घेतलेली जमीन, त्याच १९५२ च्या कायद्याची मुदत १९८७ मध्ये संपूनही केंद्राने सोडली नव्हती. ती तीन महिन्यांत मालकांना देण्याचा आदेश नोव्हेंबर २०२० मध्ये निघाला. त्याच वर्षी विद्यादेवी खटल्यात, नागरिकाच्या जमिनीवर सरकारला वहिवाटीने मालकी सांगता येत नाही आणि निव्वळ उशिराच्या सबबीवर भरपाई नाकारता येत नाही, असे ठरले.

या निकालांच्या उजेडात नेवाळीचा प्रश्न सुटसुटीत होतो. आजवर शेतकऱ्याला विचारले जाते, ‘तुझ्याकडे काय कागद आहे?’ पण निवाडा, नोटीस, ताबा पावती, रक्कम वाटपाचा तक्ता हे कागद घेणाऱ्याने बनवायचे आणि घेणाऱ्यानेच सांभाळायचे असतात. जमीन रीतसर संपादित झाली असेल, तर गावागणिक निवाडा असणार, कमी-जास्त पत्रक असणार, फेरफाराला त्याचा आधार असणार. नुसता ताबा घेतला असेल, तर मालकी बदलल्याची वेगळी नोटीस दाखवावी लागेल. जिल्हाधिकाऱ्यांनी आणि संरक्षण खात्याने हे कागद सर्व्हे नंबरनिहाय मांडून प्रत्येक गावच्या चावडीवर लावावेत. निवाडा आणि वाटप दोन्ही निघाले, तर शेतकऱ्यांचा कायदेशीर दावा दुबळा ठरेल आणि उरेल तो विनावापर जमिनीचा व कुळांच्या पुनर्वसनाचा धोरणात्मक प्रश्न. कागद निघाले नाहीत, तर मात्र कुंपणाच्या आत कोण आणि अतिक्रमक कोण, हे नव्याने ठरवावे लागेल. तोवर भिंत बांधणे म्हणजे निकालाआधीच डिक्री बजावणे होय.