जुनी मोटार घेताना आधी खालून पाहा

महाड-पोलादपूर भागातील आपल्या घरांमध्ये अलीकडे एक वेगळीच हौस दिसते. आखातातून सुट्टीवर आलेला किंवा मुंबईत बस्तान बसलेला तरुण गावी येतो आणि नव्या गाडीऐवजी जुन्या मोटारीची चौकशी करतो. कुणाला प्रीमियर पद्मिनी हवी असते, कुणाला ॲम्बेसिडर, तर कुणाला दादांच्या काळातल्या जीपसारखी जीप. हौस वाईट नाही. पण तिच्यामागे बहुधा दोन-तीन वर्षांची परदेशातली कमाई असते, आणि आपल्या भागात जुनी गाडी घेताना एक धोका इतर ठिकाणांपेक्षा जास्त असतो. तो म्हणजे पुराचे पाणी. म्हणून खरेदीआधी गाडी कशी पारखावी, याची माहिती येथे देत आहोत.

या गाड्यांची थोडी ओळख

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. पुढे १९७४ च्या सुमारास तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गेअर, ही तिची खूण. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ती घरोघरी माहीत झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून गेली. ज्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती टॅक्सी चालवून मुलांना शिकवले, त्यांना आता ती दारात हवी आहे, यात नवल नाही.

जीपची गोष्टही आपल्या वाचकांनी माहीत करून घेण्यासारखी आहे. १९४५ मध्ये लुधियाना येथे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून कंपनी काढली, तिचे नाव होते ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. याच कंपनीने विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि घाटमाथ्यावरच्या वाड्यांपर्यंत पहिली चारचाकी पोहोचली ती बहुधा हीच.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी पाहायला जाण्यापूर्वी आरसी बुकाचा फोटो मागवा. मालकाचे नाव, चॅसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे आणि बँकेचा बोजा आहे का, या पाच गोष्टी वहीत लिहून घ्या. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बरीचशी माहिती पडताळता येते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क अलीकडे बरेच वाढले आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. ‘पासिंग संपले आहे, पण सहज होऊन जाईल,’ असे विकणारा म्हणाला, तर त्यालाच आधी करून द्यायला सांगा. आपल्या जिल्ह्याच्या एमएच-०६ गाड्यांचे काम पेणच्या आरटीओ कार्यालयात चालते. तेथे एकदा जाऊन आलेला माणूस ‘सहज’ हा शब्द वापरत नाही.

गाडीजवळ गेल्यावर चॅसिस नंबर शोधा, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा. आरटीओत करतात तसाच छाप उमटेल. आकडे सरळ रेषेत आहेत का, आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत का, ते पाहा. मग इंजिन नंबर जुळवा. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने पसंत केलेल्या जीपचे इंजिन उत्तम चालत होते, पण त्यावरचा नंबर आरसी बुकात नव्हता. कुणीतरी मूळ इंजिन काढून दुसरे बसवले होते आणि नोंद केली नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगी व नोंदीशिवाय चालत नाही. अशा गाडीचे ना नूतनीकरण होते, ना अपघातात विम्याची खात्री राहते. त्याने ती सोडून दिली.

आपल्या भागात आणखी एक अडचण नेहमी येते. गाडी मरहूम आजोबांच्या नावावर असते आणि विकायला उभा असतो एखादा नातू. अशा वेळी गाडी आधी कायदेशीर वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी नमुना ३१ चा अर्ज आणि इतर वारसांची संमती लागते. हे वारस म्हणजे फक्त भाऊ नव्हेत. मुली आणि बहिणींचाही त्या गाडीच्या किमतीत हिस्सा आहे. लग्न होऊन श्रीवर्धनला किंवा मुंब्र्याला गेलेल्या फुफीची सही नसेल, तर व्यवहार कायद्यानेही अपुरा आणि शरीअतनेही अपुरा. खरेदीदाराने हे विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणे नव्हे.

पत्रा आणि सांगाडा

गाडी उजेडात, कोरडी असताना पाहा. धुतलेल्या ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. छोटे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जेथे ते धरत नाही, तेथे रंगाखाली लांबी भरलेली आहे. दाराखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, दारांचे खालचे कोपरे आणि डिकीचा तळ या जागा विशेष पाहा.

नवा चकचकीत रंग पाहून खूश होऊ नका. रंग ताजा असेल तर आधीच्या दुरुस्तीचे फोटो मागा. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसिस नसते, तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तिचा तळ गंजला असेल, तर ते फक्त दिसण्याचे नुकसान राहत नाही, सबंध गाडी कमकुवत होते. जीपच्या बाबतीत उलट. वरचा पत्रा बदलता येतो, पण खालची चॅसिस तडकलेली किंवा जागोजागी जोडलेली असेल तर नाद सोडा. यासाठी गाडी सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर चढवून खाली टॉर्च घेऊन पाहिलेच पाहिजे. मिस्त्रीला द्यायची मजुरी आणि अर्धा दिवस यात जाईल, पण विकणाऱ्याने रॅम्पला नकार दिला, तर तेवढ्यावरच उत्तर मिळाले असे समजा.

पुराची खूण कुठे सापडते

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडमध्ये शिरले, तेव्हा माणसे माळ्यावर चढली, पण गाड्या खालीच राहिल्या. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्याआधी २००५ च्या जुलैतही असेच पाणी आले होते. म्हणजे या भागातील एखाद्या जुन्या गाडीने एक नव्हे, दोन पूर पाहिलेले असू शकतात. पूर ओसरल्यावर अनेक गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या, धुऊन-रंगवून पुन्हा बाजारात आल्या. त्यातल्या काही नीट दुरुस्त झाल्या, काही फक्त वरून सजवल्या गेल्या.

पुराचा गाळ बारीक असतो, तो सहजासहजी निघत नाही. म्हणून गालिचा उचलून खालचा पत्रा पाहा. सीटच्या पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट गंजलेत का ते पाहा. सीटबेल्ट असेल तर शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकावर मातीचा डाग राहिलेला असतो. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ, डॅशबोर्डच्या मागे वाळलेली माती, फ्यूजच्या पेटीत तांब्यावर चढलेला हिरवा थर, स्टेपनीच्या खड्ड्यातला चिखल, या सगळ्या साक्षी आहेत. इंजिन ऑइल, गेअर ऑइल आणि मागच्या डिफरेन्शियलचे ऑइल काढून पाहा. ते दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी आहे.

शेवटी दारे-काचा बंद करून दहा मिनिटे आत बसा. पुरात भिजलेल्या गोधडीचा वास महाडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. गाडी पाहायला जाताना घरातल्या स्त्रियांनाही सोबत न्या, हे त्यासाठीही सांगतो. अत्तर किंवा सुगंधी फवारा जास्तच मारलेला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

या ठिकाणी एक प्रसिद्ध हदीस आठवते. बाजारातून जाताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्याला विचारले गेले आणि फसवणाऱ्याला आपल्यात स्थान नाही, असे बजावले गेले. भिजणे हा विक्रेत्याचा दोष नव्हता, लपवणे हा होता. पुरात बुडालेली गाडी विकणे हराम नाही. ‘ही पुरात होती, हे-हे बदलले आहे’ असे सांगून योग्य भावात ती खुशाल विकावी. न सांगता विकली, तर फिकहमध्ये खरेदीदाराला लपवलेल्या दोषापायी माल परत करण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात मात्र पैसे परत मिळवताना वर्षे जातात, आणि नाती तुटतात. म्हणून पारख आधी करावी.

इंजिन आणि घाट

आपण येण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठेवू नका, असे विकणाऱ्याला आधीच कळवा. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागले, तर थंड इंजिन सुरू होताना येणारी अडचण लपवली असण्याची शक्यता आहे. सुरू झाल्यावर मागे उभे राहून धूर पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. दाट पांढरा आणि न थांबणारा धूर म्हणजे पाणी आत जाते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, हे कार्ब्युरेटरच्या दुरुस्तीने बहुधा सुटते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पॅकिंग त्यासाठी बनलेले नाहीत, तेव्हा ते बदलण्याचा खर्च धरून ठेवा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी फार जुना टायर कडक होऊन फुटतो. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवा, खडखड आली तर त्या भागाचे काम निघाले. मागचे पाटे तुटलेले आहेत का तेही पाहा.

चालवून पाहताना आधी सपाट रस्त्यावर ब्रेकची खात्री करा. पेडल स्पंजासारखे दबत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढे जाऊ नका. ब्रेक ठीक असतील, तर पोलादपूरहून कशेडीचा जुना घाट चढा, बोगद्यातून नको. चढावर क्लच सटकला तर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरत नाही. वर पोहोचल्यावर तापमानाचा काटा आणि रेडिएटर पाहा. उतारावर दुसऱ्या गेअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडा, गेअर आपोआप बाहेर पडत असेल तर गेअरबॉक्स झिजला आहे. या चाचणीत मुलाबाळांना गाडीत बसवू नका.

पन्नास वर्षांची गाडी असेल तर

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, चॅसिस, बॉडी व इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. लग्नात नवरदेवासाठी भाड्याने देऊन पैसे वसूल करू, असा हिशेब कुणी मांडत असेल तर तो येथेच थांबवावा. साध्या पांढऱ्या पाटीची खासगी गाडीही भाड्याने देता येत नाही.

भाव आणि कागद

समजा, मागणी दीड लाखाची आहे. मिस्त्रीने तळाचा पत्रा, टायर, ब्रेक आणि पाइप मिळून साठ हजार सांगितले. जुन्या गाडीत काम निघतच जाते, म्हणून त्यावर आणखी वीस हजार धरा. म्हणजे गाडी तुम्हाला दोन लाख तीस हजारांना पडणार. तेवढ्याला तिच्याहून चांगली मिळते का, हा खरा प्रश्न. सुटे भाग कुठे मिळतील तेही आधी विचारा. पद्मिनीसाठी बहुधा कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फेऱ्या माराव्या लागतात. आणि या हौसेसाठी व्याजाचे कर्ज काढू नये, हे वेगळे सांगायला नको.

सौदा ठरला की नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर भरपाईचा दावा जुन्या मालकावर येतो. त्यामुळे ही घाई दोघांच्याही फायद्याची आहे.

सोबत एका साध्या कागदावर लिहून घ्या की गाडी पुरात होती किंवा नव्हती, अपघात झाला होता किंवा नव्हता, काय-काय बदलले. खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने दिलेली आहेच. विकणारा ओळखीचा, नात्यातला किंवा जमातीतला असला तरी हा कागद करा. ज्याला लपवायचे काही नाही, तो तो कागद हसत लिहून देईल.