पठारावरची टाकी

कल्याण-नगर महामार्गाने आळेफाटा मागे टाकला की बेल्हे लागतं आणि तिथून रस्ता आण्याच्या पठाराकडे निघतो. जुन्नर तालुक्याचा हा पूर्वेचा कोपरा. तालुक्यात इतरत्र धरणाचं पाणी, ऊस आणि द्राक्षबागा. इथे भरवसा पावसाचा. अशा मुलखात नवं अवजार घेण्याआधी जुनं दुरुस्त होतंय का, हे पाहिलं जातं. कोळप्याची पास झिजते, पेरणीयंत्राचा फण मोडतो, ट्रॉलीचा हुक निखळतो, कांदाचाळीला अँगल जोडायचा असतो. ही कामं पूर्वी गावचा लोहार आणि बिऱ्हाड घेऊन फिरणारे घिसाडी भात्यावर करत. आता घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन असतं. मशीन एकदाच घ्यायचं असतं, गॅस मात्र पुन्हा पुन्हा आणावा लागतो. टाकीचं भाडं, गाडीचं डिझेल, वाया गेलेला दिवस हे सगळं गॅसच्या किमतीत धरावं लागतं. म्हणून स्वस्ताईचा विचार दुकानात नको, आपल्या कामापासून सुरू करायला हवा.

पहिला प्रश्न हाच की गॅस लागतो का? साध्या रॉडच्या वेल्डिंगला टाकी लागतच नाही. रॉडवरचं लेपण जळताना स्वतःच वायू तयार करतं आणि वितळलेल्या लोखंडाला हवेपासून जपतं. पठारावरच्या वाऱ्यात उघड्यावर काम करायचं तर हीच पद्धत टिकते, कारण टाकीतून सोडलेला गॅस वारा उडवून नेतो. फण, हुक, जाड अँगल यांना रॉड पुरतो.

गॅसची खरी गरज पडते कापायला, तापवायला आणि पातळ पत्रा जोडायला. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये हा मान अनेक वर्षं कार्बाइडच्या टाकीचा होता. कॅल्शियम कार्बाइडचे खडे पाण्यात पडले की अॅसिटिलीन निघतो. किलोभर चांगल्या कार्बाइडमधून ३०० लिटरच्या आसपास. सोबत लसणासारखा उग्र वास, आणि तळाशी उरतो चुना. १८९२ साली अमेरिकेत थॉमस विल्सन अॅल्युमिनियमच्या शोधात भट्टी तापवत होते, तेव्हा हे कार्बाइड अनपेक्षितपणे हाती आलं आणि अॅसिटिलीन स्वस्त झाला. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पण हा वायू फार तापट आहे. चौरस इंचाला साधारण १५ पौंडांच्या वर दाब गेला तर तो हवेशिवायही फुटू शकतो. म्हणूनच किरमिजी टाकीत तो सच्छिद्र भरावात मुरवलेल्या अॅसिटोनमध्ये विरघळवून भरतात. ही टाकी उभीच वापरायची. पत्र्याच्या डब्यात घरी कार्बाइडचा गॅस बनवण्यात बचत नाही, त्यात जिवाशी खेळ आहे.

घरच्या कटिंगला स्वस्त जोडी आहे ऑक्सिजन आणि एलपीजीची. लोखंड लाल झालं की पुढचं कापण्याचं काम ऑक्सिजनच करतो, त्यामुळे अॅसिटिलीनचा आग्रह लागत नाही. पितळेचा डाग द्यायलाही ही ज्योत चालते. लोखंडाला लोखंड जोडायला मात्र ती योग्य नाही. टाकी १९ किलोची व्यावसायिकच हवी. स्वयंपाकघरातली १४.२ किलोची टाकी शेडमध्ये आणणं कायद्याने चूक आहे.

पातळ पत्र्याच्या पेट्या, खिडक्या, गेट करायचे तर मिग मशीन आणि कार्बन डायऑक्साइड. ३० किलोच्या टाकीतून सुमारे १६,००० लिटर वायू मिळतो. मिनिटाला १२ लिटर लागले तर प्रत्यक्ष ठिणगी पडण्याचे २२ तास झाले. घरच्या कामाला हे बरेच दिवस पुरतात. आर्गॉन स्टेनलेस आणि अॅल्युमिनियमसाठी राखावा.

इथे एक मेख आहे. ऑक्सिजनच्या टाकीत वायू असतो, तो संपत जातो तसा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा उतरतो. कार्बन डायऑक्साइड आणि एलपीजी टाकीत द्रवरूपात असतात. शेवटचा थेंब वायू होईपर्यंत दाब फारसा हलत नाही, मग अचानक कोसळतो. त्यामुळे किती उरलं हे वजनच सांगतं. पठारावरच्या घरात कांद्याचा वजनकाटा असतोच. टाकीवर कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन वजा केलं की उरलेला गॅस कळतो आणि अर्ध्या कामातून आळेफाट्याला धावावं लागत नाही. रात्री टाकीची चावी बंद करणं आणि जोडांना साबणाचं पाणी लावणं, ही तर बिनपैशाची बचत.

पैसे वाचवू नयेत अशा तीन जागा आहेत: चांगला रेग्युलेटर, ज्योत उलटी फिरू न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर, आणि टाकी भिंतीला बांधणारी साखळी. ऑक्सिजनच्या जोडणीला ट्रॅक्टरच्या ग्रीसचे हात लावू नयेत. दाबातला ऑक्सिजन तेलाला पेटवतो. इंधनवायूच्या जोडणीला उलटे आटे असतात, ते चूक होऊ नये म्हणूनच. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात साचतो. टाकी घेताना तिच्यावर कोरलेली चाचणीची तारीख वाचावी. तिचे नियम नागपूरच्या पेसो या केंद्रीय कार्यालयाच्या अखत्यारीत येतात.

कोरोनाच्या साथीत २२ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारने मोजके उद्योग वगळून कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवला, तो रुग्णालयांकडे वळवला. गावोगावचे गॅस कटर थंड झाले आणि ते योग्यच झालं. ज्या टाकीने लोखंड कापायचं, तिच्यातलाच वायू माणसाच्या छातीत जातो, हे त्या दिवसांनी शिकवलं.

मला वाटतं, पठाराला स्वस्त पडेल अशी व्यवस्था सामायिकच असेल. रंगदास स्वामींच्या यात्रेत आण्याला सगळ्यांची आमटी-भाकरी एकत्र होते. चार शेतकऱ्यांनी मिळून ऑक्सिजन आणि एलपीजीचा एक संच घ्यावा, तो एकाच्याच शेडमध्ये साखळीने बांधून ठेवावा, ज्याला वापर शिकवला आहे त्यानेच चावी उघडावी, आणि प्रत्येकाने आपल्या कामाआधी व नंतर एलपीजीच्या टाकीचं वजन आणि ऑक्सिजनच्या घड्याळावरचा दाब वहीत लिहावा. मग भाडं चौघांत वाटलं जाईल, फेऱ्या कमी होतील, आणि तुटलेला फण वाफशाच्या दिवशीच जोडून शेतात जाईल.